रीस्टार्ट करण्याआधी एक मिनिट: कर्नल बदलला तरी ग्राफिक्स कार्ड चालू राहावं म्हणून

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पाणी आत शिरेल या धास्तीने आम्ही दांडिया बाजारातल्या तळमजल्याच्या खोलीतून दोन्ही मशीनं उचलून माळ्यावर नेली. लाइट नव्हतीच. पाणी ओसरलं, लाइट आली, मशीन खाली आणून सुरू केलं, तर पडद्यावर अक्षरं मोठाली आणि धूसर. त्रिमितीय चित्रं करायचा ब्लेंडर हा प्रोग्रॅम उघडला, सेटिंगमध्ये गेले, तर जिथे ग्राफिक्स कार्डाचं नाव दिसायला हवं तिथे काहीच नाही.

गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. एका मंडळाच्या एलईडी पडद्यासाठी दोन मिनिटांची चित्रफीत करायची होती, म्हणजे तीन हजार फ्रेम. कार्डावर एक फ्रेम ४० सेकंदांत होते, म्हणजे सलग चालवलं तर दीड दिवसात काम हातावेगळं. नुसत्या प्रोसेसरवर तीच फ्रेम ११ मिनिटं घेत होती. हिशोब केला तर तेवीस दिवस.

सगळ्यांचं एकच म्हणणं: दमट हवेने कार्ड गेलं. मी कार्ड काढलं, कोरड्या ब्रशने पुसलं, परत बसवलं. दुकानात नेलं, तिथे तपासून ‘नवीनच घ्या बेन’ असं सांगितलं. यात दोन दिवस गेले. मग सुरतेहून भाच्याचा फोन आला. त्याने पहिला प्रश्न विचारला, ‘मावशी, युनेम डॅश आर लिहून बघ, काय येतंय?’ त्या कमांडने मशीनच्या कर्नलचा, म्हणजे लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचा, ६.८ ने सुरू होणारा आकडा दाखवला. जुलैत मशीन बांधून घेतलं तेव्हा तो ६.५ होता.

कार्डाला काहीही झालं नव्हतं. पुराच्या आधीच कधीतरी नवा कर्नल मशीनवर येऊन बसला होता, पण मशीन बंदच केलं नव्हतं म्हणून जुनाच चालू होता. पुरामुळे मशीन बंद झालं, आणि सुरू होताना नवा कर्नल चढला. त्या कर्नलसाठी कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, तयारच नव्हता.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. घरून किंवा छोट्या स्टुडिओतून लिनक्सवर काम करणाऱ्या कुणाचेही असे दोन दिवस जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे. कमांड मी फोनवर बोलतो तशा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या रोमन लहान अक्षरांत (लोअरकेस) टाइप करायच्या; ‘डॅश’ म्हणजे - हे चिन्ह आणि ‘स्लॅश’ म्हणजे /. माझी मशीनं उबुंटूवर, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारावर, आहेत, त्यामुळे तपशील तिथले आहेत.

कडी आणि कोयंडा

आमच्या वाड्यातल्या जुन्या दारांना लोखंडी कडी-कोयंडा आहे. चौकट फुगून कोयंडा सूतभर जरी सरकला तरी कडी बसत नाही. कडी तीच असते, मोडलेली नसते, पण नव्या जागेच्या मापाने ती पुन्हा ठोकून घ्यावी लागते. ड्रायव्हरचं असंच आहे.

कार्डाचा ड्रायव्हर दोन भागांत असतो. एक भाग कर्नलच्या आत बसतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. दुसरा बाहेर लायब्रऱ्यांच्या रूपात असतो, ब्लेंडरसारखे प्रोग्रॅम त्याच्याशी बोलतात. बाहेरच्या प्रोग्रॅमांना लिनक्सने दिलेला शब्द पक्का आहे: कर्नल बदलला म्हणून चालता प्रोग्रॅम बंद पडता कामा नये. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स याबाबत फार कडक आहेत. पण कर्नलच्या पोटात बसणाऱ्या मॉड्यूलला असा कुठलाही शब्द दिलेला नाही. आतली फंक्शनं, त्यांचे पॅरामीटर, डेटाची मांडणी कधीही बदलू शकते, आणि हे धोरण जाणूनबुजून ठेवलेलं आहे. कर्नलसोबत येणाऱ्या कागदपत्रांत कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्याची कारणं सविस्तर मांडली आहेत. म्हणून प्रत्येक मॉड्यूलवर तो कोणत्या कर्नलसाठी बांधला त्याचा शिक्का असतो. शिक्का जुळला नाही तर कर्नल त्याला आत घेत नाही.

मग एएमडीच्या आणि इंटेलच्या कार्डांना हा त्रास फारसा का होत नाही? कारण त्यांच्या ड्रायव्हरचा मजकूर कर्नलच्या मूळ मजकुरातच आहे. आतलं एखादं फंक्शन जो बदलतो, त्यानेच ते वापरणाऱ्या सगळ्या ड्रायव्हरमध्येही दुरुस्ती करायची, असा तिथला रिवाज आहे. चौकट सरकवणारा सुतार कडीही ठोकून जातो. माझं कार्ड एनव्हिडियाचं, आणि त्यांचा ड्रायव्हर मात्र कर्नलच्या बाहेर वाढतो. मे २०२२ मध्ये त्यांनी आपल्या मॉड्यूलचा मजकूर खुला केला, आणि ट्युरिंग व त्यापुढच्या पिढीची कार्डं त्यावर चालतात. खुला झाला म्हणजे कर्नलमध्ये गेला असं अनेकजण समजतात. तसं नाही. तो खुला प्रकारही बाहेरचाच आहे आणि प्रत्येक कर्नलसाठी नव्याने बांधावाच लागतो.

तुमचं कार्ड कोणत्या गटातलं हे बघायला ‘एलएसपीसीआय डॅश के’ लिहा. यादीत ग्राफिक्सचा उतारा शोधा, त्याखाली कोणता ड्रायव्हर वापरात आहे ते लिहिलेलं असतं. तिथे ‘एएमडीजीपीयू’ किंवा ‘आय९१५’ असेल तर पुढचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. ‘एनव्हिडिया’ असेल तर पुढे वाचा. कार्ड एनव्हिडियाचं आहे पण खाली ‘नूव्हो’ लिहिलंय, तर कर्नलमधला साधा ड्रायव्हर चालू आहे. पडदा दिसेल, पण ब्लेंडरचं कार्डावरचं रेंडर त्यावर होणार नाही.

ड्रायव्हर एकाच दारातून आत घ्या

उबुंटूच्या भांडारातून, म्हणजे त्यांच्या अधिकृत पॅकेजसाठ्यातून, ड्रायव्हर घेतला तर त्याचे दोन प्रकार मिळतात. एक, आधीच बांधलेला आणि सही केलेला मॉड्यूल, जो प्रत्येक कर्नलबरोबर जोडीने येतो. दुसरा, डीकेएमएसचा. डीकेएमएस ही डेलने २००३ मध्ये सुरू केलेली व्यवस्था. ती ड्रायव्हरचा मूळ मजकूर मशीनवर ठेवते आणि नवा कर्नल आला की त्याच्या मापाचा मॉड्यूल आपल्या मशीनवरच बांधते. ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ लिहिलं की तुमच्या कार्डाला चालणाऱ्या आवृत्त्या दिसतात, त्यातल्या एकीपुढे शिफारस असते. तीच घ्या.

एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून ‘रन’ फाइल उतरवून बसवण्याचा मोह टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. ती फाइल पॅकेज व्यवस्थेला न सांगता फायली टाकते. बसवताना डीकेएमएसची निवड केली नसेल, तर पुढच्या कर्नलला मॉड्यूल बांधणारं कुणीच उरत नाही. आणि नंतर भांडारातला ड्रायव्हर वर चढवला की दोन्हींच्या लायब्ररी एकमेकींत मिसळतात. आधीच तसं करून बसला असाल तर ‘सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ चालवून ते पूर्ण काढा, मगच भांडारातून घ्या.

डीकेएमएसला बांधकामासाठी कर्नलचे हेडर्स, म्हणजे त्याच्या आतल्या मांडणीची माहिती देणाऱ्या फायली, लागतात, आणि माझी अडचण नेमकी इथे होती. मशीन बांधून देणाऱ्याने जागा वाचावी म्हणून हेडर्सचं मूळ पॅकेज काढून टाकलं होतं, आणि त्या दिवशीच्या कर्नलपुरते हेडर्स तेवढे ठेवले होते. त्यामुळे नवा कर्नल आला, त्याचे हेडर्स आलेच नाहीत, आणि डीकेएमएसने काही न बांधता तो टप्पा सोडून दिला. पडद्यावर एक शब्दही उमटला नाही. म्हणून नाव नीट बघा: ज्या पॅकेजच्या नावात विशिष्ट कर्नलचा आकडा आहे ते फक्त त्या कर्नलपुरतं. तुम्हाला हवं आहे ते ‘लिनक्स-जेनेरिक’, किंवा उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपवर बहुधा ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’, जे पुढच्या मालिकांचे कर्नलही आणतं. हे पॅकेज कर्नल आणि हेडर्स दोघांना हात धरून पुढे नेतं.

त्या रात्री भाच्याने फोनवर सांगितलं तसं मी माझ्या उबुंटूच्या आवृत्तीला लागणारं ते पॅकेज टाकलं. टर्मिनलमध्ये डीकेएमएसच्या ओळी सरकू लागल्या, चार-पाच मिनिटं पंखा जोरात फिरला, मशीन रीस्टार्ट केलं आणि पडदा लख्ख झाला. एक रुपया खर्च झाला नाही.

रीस्टार्टच्या आधीची तपासणी

उबुंटू सुरक्षेची अपडेट आपोआप घेतं, त्यात कर्नलही येतो. तो डिस्कवर उतरतो आणि रीस्टार्टची वाट बघत बसतो. म्हणजे बिघाड आज रुजतो आणि पंधरा दिवसांनी लाइट गेली की उगवतो. तोवर आपण काय बदललं हे विसरलेलो असतो. त्यामुळे तपासायची खरी वेळ रीस्टार्टच्या आधीची, जुना कर्नल अजून चालू असतानाची. मी दर शनिवारी सकाळी हे करते, आणि मशीन बंद करायची वेळ येईल तेव्हाही.

आधी ‘युनेम डॅश आर’. आत्ता चालू असलेल्या कर्नलचं नाव मिळतं. मग ‘एलएस स्लॅश बूट’. तिथे ‘व्हीएमलिनझ’ने सुरू होणाऱ्या फायली म्हणजे मशीनवरचे सगळे कर्नल. त्यातला सर्वांत मोठा आकडा चालू कर्नलपेक्षा पुढचा असेल, तर पुढच्या रीस्टार्टला तो चढणार आहे. आता मुख्य कमांड: ‘मॉडइन्फो डॅश के’, मग त्या नव्या कर्नलचं पूर्ण नाव, मग ‘एनव्हिडिया’.

उत्तरात पाच-पंचवीस ओळी येतात. त्यातल्या तीन बघायच्या. ‘व्हर्जन’पुढे ड्रायव्हरचा आकडा असतो, तो ‘एनव्हिडिया-एसएमआय’ ही कमांड आत्ता दाखवते त्याच्याशी जुळला पाहिजे. ड्रायव्हरही मध्येच अपडेट झाला असेल तर निदान बसवलेल्या पॅकेजच्या आकड्याशी. ‘व्हरमॅजिक’पुढे नव्या कर्नलचं नाव हवं, हाच तो शिक्का. आणि सेक्युअर बूट (सही नसलेलं काही आत येऊ न देणारी व्यवस्था) चालू असेल तर ‘साइनर’ची ओळ रिकामी नको. मॉड्यूल सापडला नाही असं उत्तर आलं तर रीस्टार्ट करू नका. आधी हेडर्स बघा, मग ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल डॅश के’ आणि नव्या कर्नलचं नाव, एवढं चालवा आणि पुन्हा तपासा.

नुसतं ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा असं बरेच लोक सांगतात. तेही चांगलं आहे, पण आधीच बांधलेला सहीचा मॉड्यूल वापरत असाल तर ते रिकामं दिसतं आणि उगाच जीव घाबरतो. मॉडइन्फो दोन्ही प्रकारांत खरं सांगतं.

बांधकाम अपयशी ठरलं तर कारण ‘मेक डॉट लॉग’ या फाइलमध्ये असतं. ती व्हार, लिब, डीकेएमएस, एनव्हिडिया या वाटेने आत गेल्यावर आवृत्तीच्या आकड्याखाली सापडते. शेवटून वाचू नका. वरून ‘एरर’ हा पहिला शब्द जिथे येतो तिथे थांबा, पुढचे पन्नास एरर त्या एकाचीच पिल्लं असतात. तिथे बहुधा दोनपैकी एक गोष्ट दिसते. एक, कंपायलर, म्हणजे मूळ मजकुरातून मॉड्यूल बांधणारा प्रोग्रॅम, जुळत नाही. उबुंटू २२.०४ वर ६.५ चा कर्नल आला तेव्हा तो जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला होता, आणि मशीनवरचा नेहमीचा जीसीसी ११ होता. अकराला न कळणारा एक पर्याय बांधकामात आला आणि सगळं अडलं. जीसीसी १२ टाकला की झालं. दुसरी, ड्रायव्हर कर्नलपेक्षा जुना आहे. त्याला आपण काही करू शकत नाही, ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहायचं. तोच कर्नल, तीच मालिका, म्हणून निर्धास्त राहू नका. २०२४ च्या फेब्रुवारीत ६.१.७६ या एवढ्याशा अपडेटने डेबियन १२ या लिनक्सच्या दुसऱ्या एका प्रकारावर एनव्हिडियाचं बांधकाम थांबलं होतं, कारण कर्नलच्या आतलं एक फंक्शन फक्त जीपीएल या खुल्या परवान्याच्या मॉड्यूलांसाठी राखीव असलेल्या गोष्टीला हात लावू लागलं. दुरुस्ती आली, पण तोवर मागच्या कर्नलनेच काम चालवलं.

म्हणून मागचा एक चालता कर्नल मशीनवर असू द्या. जागेसाठी ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ चालवायला हरकत नाही, ते चालू कर्नल ठेवतं. पण हाताने कर्नल पुसायला जाऊ नका. मात्र ‘बूट’चं डिस्कवर वेगळं विभाजन (पार्टिशन) असेल तर ‘डीएफ डॅश एच’ने जागा बघत जा. ती भरली की नव्या कर्नलची सुरुवातीची फाइल अर्धवट तयार होते आणि मशीन उठतच नाही.

सेक्युअर बूटचा निळा पडदा

‘मोकयुटिल डॅश डॅश एसबी-स्टेट’ने सेक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. चालू असेल आणि ड्रायव्हर डीकेएमएसचा असेल, तर मॉड्यूलवर तुमच्याच मशीनच्या किल्लीची सही लागते आणि ती किल्ली मशीनला एकदा ओळखून द्यावी लागते. बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. रीस्टार्टला निळा पडदा येतो आणि दहा सेकंद मोजतो. त्या दहा सेकंदांत कुठलंही बटण दाबून ‘एनरोल मोक’ निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. चहा आणायला उठलात तर संधी गेली: मशीन नेहमीसारखं सुरू होतं, मॉड्यूल तयार असूनही आत येत नाही, आणि सगळं बरोबर केलं तरी चालत का नाही हे कळत नाही. पासवर्ड कागदावर लिहा आणि पडदा येईपर्यंत खुर्ची सोडू नका.

पडदा काळा झालाच तर

मशीन सुरू होताना एस्केप दाबा, काही मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते. ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू येतो. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. दहातल्या नऊ वेळा पडदा परत येतो आणि काम पुढे नेता येतं, दुरुस्ती रात्री निवांत करता येते. मेनूही नको असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन मिळतं, तिथून वरच्याच कमांड चालतात. घाईघाईने ड्रायव्हर उडवून पुन्हा बसवणं हे शेवटचं औषध, पहिलं नव्हे.

एक वेगळा बिघाडही ओळखून ठेवा. मशीन चालू आहे, रीस्टार्ट केलेलं नाही, आणि अचानक ‘एनव्हिडिया-एसएमआय’ म्हणतं की ड्रायव्हर आणि लायब्ररीची आवृत्ती जुळत नाही. म्हणजे लायब्ररी मागच्या दाराने अपडेट झाली, पण कर्नलमध्ये जुनाच मॉड्यूल चढलेला आहे. इथे मात्र वरची तपासणी करून रीस्टार्ट करणं हाच साधा उपाय. सुरू असलेलं रेंडर बहुधा शेवटपर्यंत जातं, नवं सुरू होत नाही. तेव्हा आधी चालू काम संपू द्या.

डेडलाइनच्या आठवड्यात मी अपडेट थांबवते. ‘सुडो ॲप्ट-मार्क होल्ड’ने कर्नलचं मूळ पॅकेज आणि ड्रायव्हरचं पॅकेज, दोन्ही एकाच वेळी. एकालाच धरलं तर आपणच कडी-कोयंड्याची ताटातूट करतो. हे धरणं तेवढ्यापुरतंच. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी ‘अनहोल्ड’ करते आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते, कारण कर्नलच्या अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. त्या महिनोन्‌महिने अडवून ठेवणं मला पटत नाही.

फेडोरा हा लिनक्सचा प्रकार वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: आरपीएम फ्यूजन या भांडारातला ‘एकेमॉड’चा ड्रायव्हर घ्या, आणि अपडेटनंतर लगेच रीस्टार्ट न करता मागे बांधकाम पूर्ण व्हायला पाच मिनिटं द्या. वर दिलेली मॉडइन्फोची तपासणी तिथेही तशीच चालते.

माझं दुसरं मशीन जुनं आहे, त्यात जीटीएक्स १०६० आहे, पास्कल पिढीचं. एनव्हिडिया जुन्या पिढ्यांना केव्हातरी निरोप देते, आणि त्यांच्यासाठी ड्रायव्हरची एखादी शाखा शेवटची ठरते. केप्लरची कार्डं ४७० वर थांबली, फर्मीची ३९० वर. पास्कलसाठी ५८० ही शेवटची शाखा. कर्नल मात्र दर नऊ-दहा आठवड्यांनी नवा येतच राहणार, आणि थांबलेली शाखा एके दिवशी त्याच्या मापात बसणार नाही. तेव्हा त्या मशीनवर मी उबुंटू २४.०४ चा मूळ ६.८ चा कर्नल ठेवला आहे. ‘लिनक्स-जेनेरिक’ टाकलं, एचडब्ल्यूईचं पॅकेज काढलं, पुढच्या मालिकेचा जो कर्नल आधीच उतरला होता तोही पॅकेज व्यवस्थेतूनच काढला. आता तिथे ६.८ च्याच दुरुस्त्या येतात, पुढच्या मालिकेत उडी होत नाही, आणि २४.०४ ला २०२९ पर्यंत आधार आहे. मुलं त्याच मशीनवर या वर्षीच्या मखराचा आराखडा फिरवून बघत आहेत.